फोन टांगावा की ठेवावा?

या खेपेच्या टपालात चार पत्रे अशी निघाली की वेगवेगळ्या गावांहून आलेली असूनही ती एकाच इंग्रजी क्रियापदापाशी येऊन अडली होती. ते क्रियापद म्हणजे ‘हँग’. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळी ही चारच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर कामाला लागली आहे. पहिल्याच महिन्यात तिने फोनवर एका परदेशी पाहुण्याला ‘प्लीज हँग अप सर, आय विल चेक’ असे सांगितले. पाहुण्याने फोन ठेवून दिला आणि थोड्या वेळाने खाली येऊन, आपल्याला फोन ठेवायला सांगितले गेले, अशी तक्रार केली. तिला म्हणायचे होते की, जरा थांबा. दुसऱ्या एका वेळी तिने ‘ओके मॅडम, आय ॲम कीपिंग द फोन’ असे म्हटले तेव्हा पलीकडच्या बाईंना त्याचा अर्थच लागला नाही. ‘हँग’ म्हणजे टांगणे किंवा लटकणे, एवढेच आम्ही शाळेत शिकलो. मग फोन टांगतात कसा, आणि ‘अप’ व ‘ऑन’ यांनी एवढा फरक कसा पडतो?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या मुलीच्या बोलण्यात ‘ऑन’च्या जागी ‘अप’ आला आणि सांगायचे होते त्याच्या नेमके उलट सांगितले गेले. फोनवरच्या बोलण्यात ‘हँग ऑन’ म्हणजे थांबा, फोन धरून ठेवा; आणि ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवा, बोलणे संपवा. पाहुण्याने ऐकले तसे केले, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण आपल्या मुलीनेही वाईट वाटून घेऊ नये, कारण ही चूक इंग्रजी चांगले जाणणाऱ्यांकडूनही होताना मी पाहिली आहे. ‘हँग’ हा शब्द आपल्या ओळखीचा असतो आणि ओळखीच्या शब्दाच्या मागे लागून आलेल्या लहानशा शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. सगळा अर्थ मात्र त्या लहानशा शब्दाने फिरवलेला असतो.

आधी फोन टांगण्याचे पाहू, कारण ते समजले की पुढचे लक्षात राहणे सोपे जाते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे अमेरिकी पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत जे फोन घरोघरी व दुकानांत आले त्यांतले पुष्कळसे भिंतीवर बसवलेल्या लाकडी पेटीचे होते. बोलण्याचा भोंगा पेटीच्या दर्शनी भागावर पक्का बसवलेला असे. ऐकण्याचा भाग वेगळा, एका वायरीला जोडलेला असे आणि तो पेटीच्या कडेला निघालेल्या धातूच्या आकड्यात अडकवून ठेवत. हा आकडा साध्या खुंटीसारखा नव्हता. त्याला आतून स्प्रिंग असे. ऐकण्याचा भाग हातात घेतला की स्प्रिंगच्या जोराने आकडा वर उचलला जाई आणि विजेचा मार्ग पुरा होई; बोलणे आटोपून तो भाग परत अडकवला की त्याच्या वजनाने आकडा खाली दबे आणि विजेचा मार्ग तुटे. म्हणजे ती वस्तू टांगणे हीच संभाषण संपवण्याची कृती होती. कोट किंवा टोपी खुंटीला टांगण्याला इंग्रजीत ‘हँग अप’ म्हणण्याचा प्रघात आधीपासून होताच. तोच शब्द फोनलाही लागला. पुढे आकडा गेला, पेटीही गेली, पण टेलिफोनच्या तंत्रात लाइन मोकळी आहे की चालू आहे हे सांगताना ‘ऑन हुक’ आणि ‘ऑफ हुक’ असेच म्हणत राहिले, आणि मोबाइलच्या काचेवरच्या लाल खुणेला बोट लावणारा माणूसही इंग्रजीत ‘हँग अप’च करतो.

आता मराठीकडे या. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ साली सुरू झाले होते, तरी सर्वसाधारण मराठी कुटुंबाच्या पाहण्यात फोन आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा तो भिंतीवरून टेबलावर उतरलेला होता. स्वतंत्र भारतात १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याचे काळे, जड, वर आडवा रिसीव्हर असलेले फोन कचेऱ्यांत व घरांत दिसू लागले. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर एकाच घरी फोन होता. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उंच, बारीक पायांच्या स्टुलावर तो असे, त्याच्यावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल आणि डायलच्या पहिल्या भोकात लहानसे कुलूप. त्या घरच्या आजी बोलणे संपले की रिसीव्हर दोन्ही हातांनी अलगद खाली टेकवत आणि तो नीट बसला की नाही हे वाकून पाहत, कारण तो तिरका राहिला तर पुढचा फोन येत नसे. त्या आजींना हा प्रकार टांगण्याचा वाटणे शक्यच नव्हते. त्या फोन ‘ठेवत’ असत. मराठीत ‘फोन ठेवणे’ हा प्रयोग रूढ झाला तो याच पाहण्यातून, असे माझे अनुमान आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी आकडा पाहिला म्हणून त्यांनी फोन टांगला. आपण टेबल पाहिले म्हणून आपण तो ठेवला. आपल्याकडच्या कोकणीतही ‘फोन दवरता’ असेच म्हणतात, आणि ‘दवरप’ म्हणजे ठेवणेच. गोव्यातल्या ज्या वडीलधाऱ्या मंडळींचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले त्यांना तर तिसराच शब्द ठाऊक असतो: ‘देझ्लिगार’. ‘लिगार’ म्हणजे बांधणे, जोडणे, आणि फोन लावणेही. त्याच्या उलट ‘देझ्लिगार’, म्हणजे जोडलेले सोडवणे. कृती एकच असताना एका भाषेने ती टांगली, दुसरीने ठेवली आणि तिसरीने सोडवली.

‘आय ॲम कीपिंग द फोन’ हे वाक्य का फसले, ते यावरून ध्यानात येईल. आपल्या ‘ठेवणे’ या क्रियापदाच्या पोटात दोन कृती आहेत: एक, हातातली वस्तू खाली टेकवणे, दुसरी, ती आपल्यापाशी राखणे. ‘पुस्तक टेबलावर ठेव’ आणि ‘पुस्तक तुझ्याकडेच ठेव’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. इंग्रजी ‘कीप’मध्ये मुख्यतः दुसरी कृती आहे. त्यामुळे पलीकडच्या बाईंच्या कानी पडले ते असे की, ‘बरं मॅडम, हा फोन मी माझ्याकडे ठेवून घेते आहे.’ फोन ठेवण्याच्या अर्थी ‘ठेवणे’ला अगदी जवळचा इंग्रजी प्रयोग हवाच असेल तर ‘पुट द फोन डाऊन’ हा आहे, आणि तो चांगला, रोजच्या वापरातला आहे. त्यातले ‘द फोन’ मात्र कधी गाळू नये. माणसाला ‘पुट डाऊन’ करणे म्हणजे त्याला चारचौघांत कमी लेखणे, आणि आजारी कुत्र्याला ‘पुट डाऊन’ करणे म्हणजे पशुवैद्याकडून त्याला शांतपणे मरण देणे.

‘हँग ऑन’चा मूळ अर्थ हातांशी निगडित आहे. म्हापसा ते पणजी खासगी बसने जाणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. कंडक्टर ‘फाटीं वच, फाटीं वच’ म्हणत माणसे आत सरकवत असतो, बस वळणावर कलते आणि वरच्या दांडीला लोंबकळणारा हात आपोआप घट्ट होतो. ही पकड म्हणजे ‘हँग ऑन’. दांडी सोडू नका, धरून राहा, या अर्थावरून संकटात तग धरण्याचा अर्थ आला, आणि फोनची वायर हातात धरून पलीकडच्या माणसाची वाट पाहण्याचा अर्थही आला. मराठीत त्याला आपण ‘धरून राहा’, ‘जरा थांबा’, ‘एक मिनिट हं’ असे म्हणतो. कोकणीत ‘मात्शें राव’ म्हणतात. ‘हँग’ दिसले म्हणून ‘टांगा’ किंवा ‘लटका’ यांपैकी काही तिथे आणण्याचा प्रयत्न केला तर गाडे अडते. त्या क्षणी आपल्या घरात काय बोलले जाते ते आठवावे आणि तेच लिहावे; माझ्या अनुभवात भाषांतराला याहून भरवशाचा दुसरा आधार नाही.

एक गंमत मात्र इथे नोंदवायलाच हवी. ‘हँग ऑन’ला पुढे ‘टू’ जोडला की तो ‘जपून ठेवणे’ या अर्थी येतो. ‘हँग ऑन टू युअर टिकेट’ म्हणजे तिकीट सांभाळून ठेवा, टाकून देऊ नका. म्हणजे आपले एकच ‘ठेवणे’ इंग्रजीत जाताना फोनच्या बाबतीत ‘हँग अप’ होते आणि तिकिटाच्या बाबतीत ‘हँग ऑन टू’ होते. आपल्या मुलीचा गोंधळ उडाला तो अगदी याच जागी, आणि म्हणून त्याकडे मला आस्थेने पाहावेसे वाटते: तिचे मराठी पक्के आहे, त्यानेच तिला चकवले.

‘हँग ऑन’ ऐकताना आघात कोठे पडतो तेही ऐकावे. ‘हँग ऑन’ म्हणजे थांब, असे म्हणताना जोर ‘ऑन’वर असतो आणि बोलणारा तिथेच थांबतो. पण ‘एव्हरीथिंग हँग्ज ऑन द रेझल्ट’ या वाक्यात ‘ऑन’ हलका असतो, तो पुढच्या ‘रेझल्ट’ला चिकटलेला असतो, आणि अर्थ होतो ‘सगळे निकालावर अवलंबून आहे’. आपला ‘अवलंबून’ हा शब्द याच घराण्यातला आहे, कारण संस्कृतातील ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे. जे अवलंबून असते ते कशाला तरी धरून लोंबत असते. अशा ठिकाणी दोन्ही भाषांचे चित्र जुळते आणि भाषांतर करणाऱ्याला क्षणभर विसावा मिळतो.

व्याकरणाचा एक नियम आपल्या मुलीला उपयोगी पडेल. ‘हँग अप द फोन’ आणि ‘हँग द फोन अप’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण वस्तूच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे: ‘हँग इट अप’. ‘हँग अप इट’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. ‘हँग अप ऑन’ हा प्रयोग याहून वेगळा आहे, आणि हॉटेलच्या कामात तो समजणे फार आवश्यक आहे. पाहुणा ‘शी हंग अप’ म्हणाला तर त्याचा अर्थ एवढाच की तिने फोन ठेवला. तो ‘शी हंग अप ऑन मी’ म्हणाला तर ती तक्रार आहे: मी बोलत असतानाच तिने फोन ठेवून दिला. मराठीत यासाठी आपल्याकडे ‘फोन कट केला’ आणि त्याहून रागाचा ‘फोन आपटला’ असे दोन प्रयोग आहेत. लाइन आपोआप तुटली, कोणाचाच दोष नाही, तर ‘वी गॉट कट ऑफ’ म्हणावे. पावसाळ्यात हे वाक्य आपल्या मुलीला रोज लागेल.

शेवटी औचित्याचा मुद्दा. ‘हँग ऑन’ हे मित्राला, भावाला, सहकाऱ्याला म्हणण्याचे शब्द आहेत. त्यांत उद्धटपणा नाही, पण सलगी आहे. पाहुण्याशी बोलताना ‘कुड यू होल्ड फॉर अ मोमेंट, प्लीज?’ असे विचारावे, आणि तो ‘येस’ म्हणेपर्यंत खरोखर थांबावे. आपण अनोळखी माणसाला ‘थांब’ न म्हणता ‘जरा थांबता का?’ म्हणतो, तेवढेच हे अंतर आहे.

प्रश्न : मी बारावीला आहे. निबंधात मी ‘ही हँग्ड अप द फोन’ असे लिहिले, ते शिक्षकांनी खोडून ‘हंग’ केले. पण इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात क्रांतिकारकांविषयी ‘हँग्ड’ असेच छापलेले आहे. दोन्हींपैकी बरोबर कोणते?
— एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : तुमचे शिक्षक बरोबर आहेत आणि इतिहासाचे पुस्तकही बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत टांगण्यासाठी दोन वेगळी क्रियापदे होती: एक ‘होन’, म्हणजे आपण कशाला तरी टांगणे, आणि दुसरे ‘हांगियन’, म्हणजे आपोआप लोंबत असणे. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतले तिसरे क्रियापदही त्यांत येऊन मिसळले. या तिघांची मिळून आजची ‘हँग’ ही एकच क्रिया उरली, पण भूतकाळाची रूपे मात्र दोन राहिली. सोळाव्या शतकाच्या सुमारास ‘हंग’ हे रूप पुढे सरसावले आणि बहुतेक सगळीकडे रूढ झाले. न्यायालयांनी मात्र आपली जुनी भाषा सोडली नाही. शिक्षा सुनावताना जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात ते तसेच उच्चारले जात राहिले, आणि फाशीच्या अर्थी ‘हँग्ड’ टिकून राहिले. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५४ व्या कलमात मृत्युदंडाच्या आदेशासाठी हेच ‘हँग्ड’ रूप होते.

म्हणून हुतात्मा राजगुरू, भगतसिंग आणि सुखदेव यांच्याविषयी लिहिताना ‘दे वेअर हँग्ड इन लाहोर ऑन २३ मार्च १९३१’ असेच लिहावे. भिंतीवर त्यांची तसबीर लावली, तर ती ‘वॉज हंग’. एकाच वाक्यात दोन्ही यायची वेळ आली तर दोन रूपांतले अंतर मनाला चटका लावते, आणि ते लावावे. तसबीर आणि माणूस यांत भेद करणारे हे रूप कायद्याच्या भाषेने जपले याचे मला बरे वाटते. काही शब्दकोश आता फाशीच्या अर्थीही ‘हंग’ चालते असे नोंदवतात. परीक्षेत आणि काळजीपूर्वक लेखनात तो मोह टाळावा. मराठीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण फाशी देणे, फासावर चढवणे हे शब्द आपण टांगण्यापासून मुळातच वेगळे ठेवलेले आहेत.

फोन, कोट, पडदा, कंदील यांसाठी नेहमी ‘हंग’. ‘हँग्ड अप’ असे रूप कधीही लिहू नये.

प्रश्न : निवडणुकीच्या बातम्यांत इंग्रजी वर्तमानपत्रे ‘हंग असेंब्ली’ म्हणतात आणि मराठी वर्तमानपत्रे ‘त्रिशंकू विधानसभा’ म्हणतात. विधानसभा कशाला टांगलेली असते? ‘त्रिशंकू’ हा प्रतिशब्द योग्य आहे का? आणि मोबाइल ‘हँग’ होतो तेव्हाचे ‘हँग’ हेच का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हेच. दोन्ही ठिकाणी ‘हँग’चा अर्थ पुढेही न जाणे आणि मागेही न येणे असा आहे. ज्युरीचे एकमत होत नसेल तर अमेरिकेत तिला ‘हंग ज्युरी’ म्हणत आले आहेत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही, त्या सुमारास ‘हंग पार्लमेंट’ हा प्रयोग लोकांच्या तोंडी बसला. आपल्याला दूर जायला नको. २०१७ साली गोवा विधानसभेच्या ४० जागांपैकी काँग्रेसला १७ आणि भारतीय जनता पक्षाला १३ जागा मिळाल्या. बहुमताला २१ लागतात. निकाल लागून सरकार कोणाचे हे ठरेपर्यंत गावोगावच्या तिठ्यांवर जी चर्चा चालली होती ती फोंड्यातही आपण ऐकली असेल. त्या काळात विधानसभा कशालाही टांगलेली नव्हती. ती अधांतरी होती.

आणि म्हणूनच ‘त्रिशंकू’ हा शब्द मला अत्यंत समर्पक वाटतो. रामायणाच्या बालकांडात ही कथा येते. त्रिशंकू राजाला सदेह स्वर्गात जायचे होते. विश्वामित्रांनी आपल्या तपोबलाने त्याला वर पाठवले. इंद्राने त्याला खाली ढकलले. तो डोके खाली करून पडू लागला आणि ‘मला वाचवा’ म्हणून ओरडू लागला. तेव्हा विश्वामित्र संतापून म्हणाले, ‘तिष्ठ तिष्ठ’. थांब, थांब. तो तिथेच थांबला, आणि तिथेच राहिला. वरच्या पत्रातील ‘हँग ऑन’ आठवावे: विश्वामित्रांचे ‘तिष्ठ’ हे अक्षरशः ‘हँग ऑन’ आहे, आणि त्याच शब्दाने त्रिशंकू ‘हंग’ झाला. हा प्रतिशब्द ज्याने प्रथम योजला त्याने इंग्रजी शब्दाचे भाषांतर केले नाही. आपल्या घरात त्या अवस्थेला काय म्हणतात ते त्याने आठवले.

इथे आणखी एक नाते सांगितल्यावाचून राहवत नाही. भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी ‘हँग’ आणि संस्कृत ‘शङ्क्’ हा धातू एकाच प्राचीन मुळाचे मानतात. ‘शङ्कते’ म्हणजे मन डळमळणे, कचरणे, संशय येणे. आपली ‘शंका’ त्यातूनच आली. निर्णय होत नाही तेव्हा मन लोंबत राहते, हे फार जुन्या काळीच माणसाच्या ध्यानात आले होते असे दिसते. मात्र ‘त्रिशंकू’मधला ‘शंकू’ पाहून त्याची व ‘शंके’ची गाठ बांधू नये, तो शब्द वेगळा आहे.

‘जीव टांगणीला लागणे’ हा वाक्प्रचार विधानसभेला लावू नये, तो उमेदवाराला लावावा. इंग्रजीत त्यासाठी ‘ऑन टेंटरहुक्स’ असे म्हणतात. ‘टेंटर’ म्हणजे विणलेले लोकरी कापड ताणून वाळवण्याची चौकट आणि ‘हुक्स’ म्हणजे तिचे आकडे. आपली टांगणी आणि त्यांचे आकडे यांचा एकमेकांशी संबंध नसूनही काळजीत पडलेल्या माणसाचे चित्र दोन्ही भाषांनी जवळजवळ सारखेच काढले आहे. मोबाइल ‘हँग’ झाला असे म्हणायला मात्र माझी हरकत नाही. तो मराठीत मुरलेला शब्द आहे, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही तो लगेच समजतो. ‘अडकला’, ‘गप्प झाला’ हेही घरोघरी चालतेच.

प्रश्न : चतुर्थीला आमच्या घरी मुलाचे परदेशी मित्र येणार आहेत. माटोळीला इंग्रजीत काय म्हणावे, आणि ती बांधली हे सांगताना ‘हँग अप’ की नुसते ‘हँग’? शिवाय मुलगा सतत ‘फ्रेंड्सबरोबर हँग आऊट करतोय’ म्हणतो, त्याला मराठीत काही शब्द आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. ‘हँग आऊट’चा एक साधा अर्थ म्हणजे कपडे बाहेर दोरीवर वाळत घालणे, आपल्या पावसाळ्यात ते कसे जमायचे हा वेगळा प्रश्न. मुलाच्या तोंडचा अर्थ म्हणजे विशेष काही न करता मित्रांबरोबर वेळ घालवणे. पुण्या-मुंबईकडे त्याला कट्ट्यावर बसणे म्हणतात. आपल्याकडे त्याहून रसाळ शब्द आहे: गजाली मारणे. बालकांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सोप्यावर दिवेलागणीला चार जण टेकले, पाऊस, फुटबॉल, कोणाच्या लग्नाची बोलणी, शेतातले रानडुक्कर असे विषय निघाले, आणि उठायचे कोणाच्याच मनात येईना, की ते ‘हँग आऊट’. मुलाने ‘गजाली मारतोय’ म्हटले तर त्याच्या आजोबांनाही ते लगेच कळेल. ‘हँग अराउंड’ मात्र थोडे वेगळे आहे. त्यात काम नसताना घुटमळण्याची, रेंगाळण्याची छटा येते. दुकानाच्या दाराशी उगाच उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ते शोभते, सोप्यावरच्या मंडळींना शोभत नाही.

माटोळीला इंग्रजीत काहीही म्हणू नये. ‘कॅनपी’ म्हटले तर पाहुण्याच्या डोळ्यांपुढे कापडाचे छत येते, ‘डेकोरेशन’ म्हटले तर झिरमिळ्या येतात, आणि माटोळी यांपैकी कशातच बसत नाही. गणपतीच्या वर छताला टांगलेली ती लाकडी चौकट, तिला वेलींनी किंवा सुंभाने बांधलेले नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंग, चिबूड, कवंडळ, घागऱ्या, आणि त्यांतली कित्येक फळे अशी की जी त्याच पंधरवड्यात रानात मिळतात आणि जी ओळखून आणणारे हात आता घरात एखाद-दुसरेच उरलेले असतात. हे सगळे एका इंग्रजी नावात घालण्याचा आग्रह धरू नये. पाहुण्यांना ‘माटोळी’ हा शब्दच शिकवावा. आपल्याकडे आलेल्या माणसाला तेवढा एक शब्द नेता आला पाहिजे.

क्रियापदाचे असे आहे. चौकट वर चढवण्याची कृती सांगायची असेल, स्टुलावर उभे राहून दोघांनी ती छताच्या आकड्यांना बांधली हे सांगायचे असेल, तर ‘वी हंग इट अप यस्टर्डे’ म्हणावे. इथे ‘इट’ मध्ये आले आहे, याकडे म्हापशाच्या वाचकांनीही पाहावे. माटोळी तिथे आहे, एवढेच दाखवायचे असेल तर ‘अप’ नको: ‘द माटोळी हँग्ज अबव्ह द गणेशा’. फळे चौकटीला ‘हँग फ्रॉम’ करतात, ‘हँग ऑन’ नव्हे, कारण ती खाली लोंबत असतात. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली तसबीर ‘हँग्ज ऑन द वॉल’, आणि माटोळीचे कवंडळ ‘हँग्ज फ्रॉम द फ्रेम’. आपण मात्र मराठीत माटोळी टांगत नाही आणि लटकवतही नाही. आपण ती बांधतो. पाहुण्यांपैकी कोणी विचारलेच की तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, तर ‘माटोळी बांधली’ असे पूर्ण वाक्य त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे.